खुलताबादहून येणारी टोपली

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. मंगललाही नाही. मंगल म्हणजे माझी बायको. तिला माझ्या बनियनचं माप आणि रक्तातली साखर दोन्ही तोंडपाठ आहेत. दर वर्षी दसरा झाला की आठ-दहा दिवसांत आमच्या घरी खुलताबादहून सीताफळांची एक टोपली येते. बारा-तेरा वर्षं झाली, एकदाही चुकली नाही. ती सुनंदा पाठवते. मी एकदा तिचं बुडतं काम वाचवलं होतं, त्याची ती आठवण. घरात, दारात, नात्यात सगळ्यांना असंच माहीत आहे. खरं एवढंच आहे की ते काम बुडवलं होतं मीच.

लिहून झालं. वाटलं होतं, हे वाक्य लिहिताना घाम फुटेल. तसं काही झालं नाही. खाली गल्लीत कोणीतरी मोटारसायकल धुतंय, भंगारवाल्याचा भोंगा पुंडलिकनगरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं निघालाय, आणि ओट्यावर यंदाची टोपली आहे. तिचा वास इथपर्यंत येतोय.

सीताफळाचे दिवस आमच्याकडं कोणी कॅलेंडर बघून ठरवत नाही. दौलताबादच्या पुढं घाट लागला की रस्त्याच्या कडेनं बाया फळांचे ढीग मांडून बसलेल्या दिसतात, तेव्हा ते सुरू झाले. पहाटे स्वेटर घालावासा वाटतो आणि दुपारी बाराला डोकं तापतं, असे ते दुतोंडी दिवस. फळही तसंच. आज दगड, उद्या लोणी, परवा फुटलेलं. मध्ये जो एक दिवस असतो तो ज्याला साधला त्याला साधला. सुनंदाची टोपली या बाबतीत हुशारीनं भरलेली असते. वर डोळे उघडलेली, आजच्या आज खायची फळं, मध्ये उद्याची, तळाला कडक, हिरवी, आठवडाभर पुरणारी. मध्ये मध्ये सीताफळीचीच पानं. आठ दिवस रोज जेवणानंतर आम्ही दोघं एक वाटी मध्ये ठेवून बसतो आणि काळ्या बिया त्या वाटीत टाकत राहतो. टक, टक. फार बोलत नाही. मला तसंही फार बोलता येत नाही, आणि सीताफळ खाताना ते कोणाच्या लक्षात येत नाही.

त्या वर्षीचा सीताफळाचा मोसम मात्र मला दिवसागणिक आठवतो.

तेव्हा आमचं ऑफिस इथंच, पुंडलिकनगरात, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होतं. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची, टेबलावरचं पाणी गोल गोल शहारायचं. कीबोर्डवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर बसायचा आणि ‘एंटर’चं बटण दाबलं की बोटाचा ठसा उमटायचा. मालक बोराडे सर. फुलंब्रीकडचे, घरी बक्कळ शेती, पण शेतीत मन नाही म्हणून शहरात येऊन वेबसाइटी बनवायच्या मागं लागलेले. आवाज मोठा, राग मोठा आणि मनही मोठं. मी त्यांचा सगळ्यात जुना माणूस. आणि सुनंदा सगळ्यात नवी, खुलताबादजवळच्या वस्तीवरून एसटीनं रोज घाट उतरून येणारी. धनगराची पोर. बारावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली त्यांच्या वस्तीवरची पहिलीच.

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. वेबसाइटचं तयार टेम्प्लेट विकत मिळतं. रंग, रचना, मथळ्याची जागा, फोटोची जागा सगळं आयतं, पण निर्जीव. दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखं. त्यात गिऱ्हाइकाला स्वतःचा मजकूर स्वतः भरता यावा, रोज बदलता यावा, यासाठी मागं एक यंत्रणा असते. तिला सीएमएस म्हणतात. समजा शाळेची साइट आहे, तर हेडमास्तरांनी एका चौकटीत सूचना टाइप केली की ती आपोआप योग्य पानावर, योग्य अक्षरात, योग्य तारखेनिशी जाऊन बसली पाहिजे. त्यासाठी ते आयतं टेम्प्लेट उसवावं लागतं. इथं मथळा येईल, इथं बातमी, इथं फोटो, फोटो नसला तर जागा मिटून घे, असं त्याला एकेका ओळीत शिकवावं लागतं. परक्या मापाचा शिवलेला कोट उसवून आपल्या माणसाला बसवायचा, असा तो उद्योग. मला तो आवडायचा. अजूनही आवडतो. त्यात बोलावं लागत नाही.

त्या वर्षी काम आलं होतं फुलंब्री तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेचं. नाव राहू द्या. अकरा शाळा, प्रत्येक हेडमास्तरानं आपापल्या सूचना टाकायच्या, आणि सगळं मराठीत. सरांनी टेम्प्लेट आणलं परदेशी. इंग्रजीत देखणं. त्यात मराठी ओतली आणि सगळ्या वेलांट्यांची टोकं छाटली गेली. इंग्रजी अक्षराला डोक्यावर काही नसतं आणि पायाखाली फारसं काही नसतं. त्या लोकांनी दोन ओळींमध्ये जागा ठेवलीच नव्हती. रफार वरच्या कडेत गडप, उकार खालच्या ओळीत घुसलेले. महिन्यांची नावं इंग्रजी. ‘संस्थेविषयी’ हा शब्द मेनूत मावेना, तर त्याचे दोन तुकडे.

हे सगळं नीट करायचं काम मी सुनंदाला दिलं.

मूळ टेम्प्लेटला हात न लावता आपले बदल एका वेगळ्या थरात ठेवायची रीत असते. कारण टेम्प्लेटवाल्यांची नवी आवृत्ती आली आणि ती घेतली, की मुळातलं सगळं नव्यानं लिहिलं जातं, त्यात केलेले आपले बदल पुसले जातात. वेगळ्या थरातलं मात्र शाबूत राहतं. मला ते माहीत होतं. पण तो थर तयार करायला, तिला समजावून सांगायला दोन दिवस गेले असते. मी म्हणालो, “मुळातच बदल कर. चालतंय.” ती म्हणाली, “बरं दादा.” ती मला दादा म्हणायची.

आणि मग दोन महिने त्या पोरीनं काय काम केलं म्हणता! प्रत्येक मथळ्याला, प्रत्येक मेनूला, फोटोखालच्या ओळीला, तारखेला एकेक करून डोक्यावर जागा दिली आणि पायाखाली जागा दिली. एक दिवस मी बघितलं तर स्क्रीनवर मोठ्या अक्षरात: ‘दुर्गाआत्याच्या शेळीनं हेडगुरुजींच्या धोतराचा सोगा खाल्ला, म्हणून सर्व वर्गांत कुरबुर सुरू.’

“हे काय?”

“तपासायला, दादा. ह्याच्यात रफार हाय, उकार हाय, वेलांटीवर अनुस्वार हाय. हे वाक्य जिथं नीट बसलं तिथं मराठीतलं कायबी बसतं.”

“आणि दुर्गाआत्या?”

“खरीच हाय. शेळी बी खरीच. धोतर तेवढं फाटलं नव्हतं, नुसतं चघळलं होतं.”

महिनाभर आमच्या ऑफिसात दुर्गाआत्याची शेळी या पानावरून त्या पानावर चरत होती. बोराडे सर सकाळी येऊन विचारायचे, “काय गं, आज शेळी कुठवर आली?” ती सांगायची, “प्रवेश अर्जापर्यंत, सर.”

दुपारी आम्ही खिडकीजवळ डबे उघडायचो. तिच्याकडं बाजरीची भाकरी, ठेचा, आणि त्या दिवसांत पिशवीभर सीताफळं. बिया कचऱ्याच्या डब्यात नेम धरून मारायच्या, अशी आमची स्पर्धा चालायची. चहा आणणारे रफिकभाई दारातच थांबून हात जोडायचे: “सीताफल के ऊपर चाय नक्को पियो साब, पेट में दोनों का झगडा हो जाता.” मग स्वतःच दोन फळं खिशात टाकायचे आणि चहाही ठेवून जायचे. खाली गिरणी थरथरत असायची, खिडकीतून ज्वारीच्या पिठाचा गरम वास यायचा आणि टेबलावर सीताफळाचा. आयुष्यात मी कधी इतका सुखी होतो असं कोणी विचारलं, तर मला त्या दुपारी आठवतात. गुन्ह्याच्या आठवणीला एवढा गोड वास असावा, हे बरं नव्हे. पण आहे.

एकदा तिचे वडील आले. अण्णा. डोक्याला मळकं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मेंढरं वस्तीवर भावाच्या हवाली करून पोरगी काय काम करते ते बघायला आलेले. खुर्ची दिली तरी कडेवरच टेकले. मला म्हणाले, “बाप्पा, मला साधं सांगा. हे जे पोरगी करती, ते हिचं हाय का दुसऱ्याचं?”

मी म्हणालो, “मूळ दुसऱ्याचं आहे. ती त्यात आपल्या लोकांसाठी बदल करते.”

“म्हंजी दुसऱ्याच्या घोंगडीला ठिगळ.”

“हां. तसंच.”

त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं. वाचता येत नव्हतं, पण बघितलं. मग म्हणाले, “ठिगळ कुठं हाय ते दिसंना मला. मंग चांगलंच लावलं म्हणायचं.” सुनंदा खाली मान घालून हसत होती. जाताना जिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. “घरात सगळे म्हणतेत, लगीन लावून टाका. मी म्हणलं दिवाळीपस्तोर थांबा. पोरीच्या हातात काय हाय ते दिसू द्या. हाय नव्हं काई?”

“आहे,” मी म्हणालो. “पुष्कळ आहे.”

एवढं तर मी खरं बोललो होतो.

संस्थेचे अध्यक्ष सोमवारी दुपारी साइट बघायला येणार होते. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी माझ्या सवयीप्रमाणं सगळ्या कामाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. पावणेसहाला, एसटी चुकेल म्हणून चपला घालता घालता, सुनंदानं तारखेचा रंग करड्याचा निळा केला आणि पळाली. हे बारकावे कंटाळवाणे वाटतील. पण सगळं या पाऊण तासातच आहे.

सोमवारी सकाळी ऑफिसात मी एकटाच होतो. यंत्रणा उघडली तर वर पिवळी पट्टी: टेम्प्लेटची नवी आवृत्ती आली आहे. अशा पट्ट्या मला बघवत नाहीत. घरातही भिंतीवरची तसबीर तिरकी असली तर जेवण जात नाही. पाहुणे येणार, स्क्रीन स्वच्छ असावा, एवढंच डोक्यात. मी बटण दाबलं. हिरवी खूण आली. पट्टी गेली. मला बरं वाटलं, आणि मी खाली जाऊन रफिकभाईंकडं चहा घेतला.

परत आलो तेव्हा सुनंदा खुर्चीत होती. पिशवी अजून खांद्यालाच. स्क्रीनवर सगळ्या वेलांट्यांची टोकं पुन्हा छाटलेली, महिना इंग्रजी, ‘संस्थेविषयी’चे दोन तुकडे. दोन महिन्यांतलं एकही ठिगळ जागेवर नाही. मला कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. पिवळी पट्टी, बटण, हिरवी खूण, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

बोराडे सर आले. बघितलं. “कोणी हात लावला ह्याला? अरे कोणी हात लावला?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण सुनंदा आधी बोलली.

“सर, मीच. शनिवारी जाता जाता तारखेचा रंग बदलला. घाईत होते. त्यात कायतरी चुकीचं खोडलं असंल.”

आणि मी तोंड मिटलं.

मी पेनड्राइव्ह काढला. शनिवारची प्रत परत चढवली. साडेअकरापर्यंत सगळ्या वेलांट्या जागेवर आल्या, महिना मराठी झाला, शेळी परत सगळ्या पानांवर चरून आली. फक्त तारीख करडीच राहिली, कारण प्रत पाचची होती आणि निळा रंग पावणेसहाचा. सुनंदानं ते बघितलं आणि स्वतःच निकाल दिला: “बघा दादा. माझ्या बदलाच्या आधीची प्रत चांगली निघाली. म्हंजी माझ्याच बदलानं बिघडलं.” इतका नीट, इतका सरळ तर्क. त्यात चूक काढायला एकच माणूस होता, आणि तो गप्प होता.

सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “याला म्हणतात अनुभव!” अध्यक्ष आले, खूश होऊन गेले. सुनंदा संध्याकाळी निघताना माझ्या टेबलापाशी आली. “दादा, तुम्ही होतात म्हणून. नायतर आज माझं काय खरं नव्हतं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.” हे माझं त्या दिवसाचं सगळ्यात लांब वाक्य.

मी घाबरलो होतो म्हणून गप्प बसलो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सर मला काढून टाकणार नव्हते. दोन शिव्या दिल्या असत्या आणि दुपारी चहा पाजला असता. मी गप्प बसलो कारण गप्प बसणं मला येतं. लहानपणापासून लोक कौतुकानं म्हणायचे, पोरगं कसं शांत आहे हो. शांतपणा हा गुण आहे असं समजूनच मी मोठा झालो. तो लपायलाही इतका उपयोगी पडतो, हे मला त्या सोमवारी समजलं. आणि एकदा दुपारचे बारा वाजून गेले की सकाळचं सांगणं अवघड होतं. मंगळवारी आणखी अवघड. वर्षानं तर ते सांगणंच विचित्र दिसायला लागतं.

सरांनी तिला रागावलंसुद्धा नाही. फक्त पुढच्या आठवड्यापासून तिच्याकडं नुसता मजकूर भरायचं काम दिलं. टेम्प्लेटचं काम माझ्याकडं आलं. ती दिवसभर हेडमास्तरांच्या सूचना टाइप करायची. दुपारी भाकरी खाताना एकदा म्हणाली, “माझा हात लई धांदरट हाय दादा. माय बी तेच म्हणती.” दिवाळीला गेली, ती परत आली नाही. उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका आली. आणि पुढच्या दसऱ्यानंतर पहिली टोपली. तिचा भाऊ घेऊन आला होता. “ताईनं सांगितलंय, दादांनी इज्जत राखली आपली.” मंगलनं तिथंच ठरवून टाकलं की ही पोर म्हणजे आपली नणंद.

पहिल्या वर्षी मला ती सीताफळं गिळवली नाहीत. दुसऱ्या वर्षी दोन खाल्ली. तिसऱ्या वर्षी मी मंगलला विचारलं, “अजून टोपली कशी आली नाही?” माणूस कशाला सरावतो बघा.

नंतर सरांनी ऑफिस बंद केलं, शेतीकडं परत गेले, आता म्हणे शेतीत मन लागतंय. मी घरीच पुढच्या खोलीत काम करतो. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, बियाण्यांची दुकानं. शहराचं नाव बदललं तेव्हा माझ्याकडच्या कितीतरी साइटींवर ते बदलावं लागलं. काम नीट बसवलेलं असलं की ते सोपं असतं. एका चौकटीत एकदा बदलायचं, की सगळ्या पानांच्या तळाशी आपोआप बदलतं. मला दर वेळी मौज वाटते. मुलगी पुण्यात आहे, बरी आहे. साखर ताब्यात आहे. मी सुखी माणूस आहे, हे सांगायला मला जड जातं. पण खोटं कशाला बोलू, एक पुरे झालं.

यंदा टोपली घेऊन सुनंदा स्वतः आली. गेल्या गुरुवारी. एसटीत मांडीवर टोपली धरून. कानशिलापाशी चार केस पांढरे, डोळ्याला चष्मा, आवाज तोच.

“वहिनी, वरची सहा आजच खाऊन टाका, उद्यावर ठिऊ नका.”

“अगं, एवढी कशाला आणलीस? गेल्या वर्षीच्या बिया अजून कुंडीत उगवताहेत.”

“उगवू द्या की. दोन वर्षांनी मला टोपली आणायची गरज नाय.”

मग ती माझ्याकडं वळली. तिच्या गावातल्या अकरा बायांनी मिळून सीताफळाचा गर काढायचं काम सुरू केलंय. गर काढायचा, डब्यात भरायचा, गोठवायचा. हॉटेलवाले नेतात, आइस्क्रीमवाले नेतात. त्यांना वेबसाइट हवी होती.

“लई मोठी नको दादा. आज गर हाय का नाय, ते. कोणत्या रानातलं फळ हाय, ते. अन् बायांचे फोटो. पण रोज तुम्हाला फोन करून हे बदला, ते बदला, असं नको. आमचं आम्हाला बदलता आलं पायजे.”

मी एक टेम्प्लेट उघडून दाखवलं. परदेशी फळांचं दुकान. सोनेरी केसांची बाई हातात स्ट्रॉबेऱ्या धरून हसतेय.

“ही बया आधी काढा,” सुनंदा म्हणाली. “हिच्या बोटाला एक डाग नाय. सीताफळ सोलणाऱ्या बाईची बोटं अशी असतेत का?” तिनं स्वतःची बोटं पुढं केली, काळपट, नखांच्या कडा तपकिरी. मग चष्मा वर सरकवून ती स्क्रीनकडं वाकली, आणि मी एकही मराठी अक्षर टाकायच्या आधी म्हणाली, “अन् हा मथळा. वर जागाच नाय इथं. आमच्या गावाच्या नावात ‘खुर्द’ हाय. रफार जातो बघा.”

बारा-तेरा वर्षांनी. रिकाम्या टेम्प्लेटकडं नुसतं बघून.

“सुनंदा, हे तू कर,” मी म्हणालो. “मी बसतो सोबत.”

ती हसली. अगदी मोकळं, मनापासून. “मी? नको दादा. माझा हात लागला की इस्कोट होतो. तो सोमवार इसरले का? बरं झालं लवकर कळलं, नायतर कोणाकोणाच्या साइटी बुडवल्या असत्या मी! बायांना बी मी आधीच सांगून ठेवलंय, मी नुसतं सांगणार, हात दादा लावणार.”

मंगलही हसली. तिच्या हातात चहाची किटली होती, “सीताफळावर चहा नको म्हणतात ना?” असं काहीतरी ती विचारत होती. माझ्या तोंडात फळाची फोड होती. दोन बिया गालात धरून मी बसून राहिलो. वाटी समोरच होती. थुंकल्या असत्या की तोंड मोकळं झालं असतं. सुनंदाला साडेचारची गाडी गाठायची होती. ती गेली.

इतकी वर्षं मी मनाशी हिशेब घालत आलो होतो की तिचं चांगलंच चाललंय. चांगलंच चाललंय, ते खोटं नाही. नवरा बरा आहे, रान आहे, चार बाया तिचं ऐकतात. ती माझ्यावाचून अडलेली नाही. पण जे कसब तिच्या डोळ्यांत अजून जसंच्या तसं आहे, त्याला तिनं तेरा वर्षं हात लावला नाही, कारण आपल्या हाताविषयी एक खोटी गोष्ट ती खरी धरून चालली आहे. ती गोष्ट तिला मी दिली. आणि तिनं ती पुढं अकरा बायांना सांगितली.

गेले तीन दिवस मी ती साइट बसवतोय. सकाळी आठला बसतो, ऊन खिडकीतून टेबलावर येईस्तोवर उठत नाही. फार दिवसांनी इतकं सुखाचं काम हाती आलंय. या वेळी मूळ टेम्प्लेटला हात लावलेला नाही. सगळे बदल वेगळ्या थरात. हजार आवृत्त्या आल्या तरी एक वेलांटी हलणार नाही. तपासायला काय लिहावं याचा विचार करायलाच लागला नाही, बोटांनी आपोआप टाइप केलं: ‘दुर्गाआत्याच्या शेळीनं हेडगुरुजींच्या धोतराचा सोगा खाल्ला.’ शेळी अजून तशीच आहे. पुष्कळ पानांवर चरून झालं. फक्त मथळ्याच्या ओळीला मी हात लावलेला नाही. तिथं रफार अजून कापला जातोय. ती ओळ मी सुनंदासाठी ठेवली आहे. तिच्या नावानं यंत्रणेत खातंही उघडलंय. पासवर्ड ती ठरवेल.

टोपली रिकामी परत पाठवायची नाही, ही मंगलच्या माहेरची रीत. दर वर्षी ती तिच्यात फराळ भरून पाठवते, आणि दर वर्षी ती भरलेली टोपली दाराबाहेर गेली की मला वाटतं, झालं, यंदाचं देणं फिटलं. काल तिनं अनारसे केले. शंकरपाळ्यांचे डबे भरून झालेत. आता ती तळाची कडक सीताफळं वर्तमानपत्रात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतेय आणि विचारतेय, “अहो, काय एवढं लिहिताय सकाळपासून?”

“तुला वाचायला देतो थोड्या वेळानं,” मी म्हणालो. ती चमकून बघत राहिली. मी तिला काही वाचायला देणार, हे तिनं याआधी ऐकलेलं नाही.

रविवारी टोपली घेऊन मी स्वतः जाणार आहे. गर काढायला बाया सकाळीच जमतात, सुनंदाचे अण्णाही हल्ली तिच्याकडंच असतात. थकलेत, पण कान शाबूत आहेत. फराळाचं मला काही वाटत नाही, तो दर वर्षी जातो. मी सुनंदाला एक वाक्य देणं लागतो, तिच्या अण्णांसमोर आणि त्या अकरा बायांसमोर: त्या सोमवारी बटण मी दाबलं होतं, तुझ्या हातून काहीही बिघडलं नव्हतं. ते मी अजून दिलेलं नाही.